पदकावरचं नाव

लग्नपत्रिकेवरनं पेटलेलं भांडण आठ महिने झाले तरी विझलं नव्हतं, आणि अशात जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पोस्टमननं पत्र चुकीच्या आकारामच्या हातात ठेवलं.

चूक पोस्टमनची नव्हती. पाकिटावर 'माजी हवालदार आकाराम भाऊ इंगवले, कसबा बावडा, कोल्हापूर' असं टाइप केलेलं होतं, आणि बावड्यात या नावाचा माणूस एकच. दूध संस्थेचा चेअरमन, गुऱ्हाळाचा मालक, साठीला टेकलेला पण अजून तालमीतून आल्यासारखा छाती काढून चालणारा. फक्त तो हवालदार नव्हता. जन्मात त्यानं बंदुकीला हात लावला नव्हता. हवालदार होता त्याचा धाकटा भाऊ पिराजी, आणि तो अंगणातल्या मधल्या भिंतीपलीकडं राहत होता.

ही भानगड त्रेचाळीस सालची. बनाबाई पिराजीशी लग्न करून इंगवल्यांच्या घरात आली तेव्हा चौथ्याच दिवशी सासूनं तिला चुलीपुढं बसवून ती सांगितली होती, आणि वर शपथ घातली होती. भरतीच्या साहेबानं आकारामची छाती मोजली, दात बघितले, नाव लिहून घेतलं आणि हातात चिठ्ठी दिली. न्यायला ट्रक आला त्या सकाळी आकाराम गायब. तो कडब्याच्या गंजीत शिरून बसला होता. ट्रकचा भोंगा वाजतोय, आई रडतीय, बाप काठी घेऊन पोराला हुडकतोय, अशा गडबडीत सोळा वर्षांच्या पिराजीनं कोनाड्यातली चिठ्ठी उचलली आणि तो ट्रकवर चढला. साहेबानं पुकारलं, "आकाराम भाऊ इंगवले." पिराजी म्हणाला, "हजर."

ते हजर एकवीस वर्षं चाललं. ब्रह्मदेशात चाललं, काश्मिरात चाललं. पेन्शनीच्या कागदावर तेच नाव, आणि छातीवरच्या चार पदकांच्या कडेला बारीक अक्षरांत कोरलेलंही तेच. बनाबाई मतदारयादीत पिराजीची बायको होती आणि पलटणीच्या दप्तरात आकारामची. थोरली जाऊ धोंडुबाई अधूनमधून म्हणायची की घरात आपण जावा असू, पण सरकारदरबारी सवती हाय.

गेल्या वैशाखात आकारामच्या लेकीचं लग्न ठरलं तेव्हा पिराजीनं एकच मागणं केलं, की पत्रिकेत माझ्या नावाआधी 'हवालदार' छापा. आता छापणार कसं? हवालदार पिराजी नावाचा माणूस सरकारात नव्हताच, आणि हवालदार आकाराम छापावं तर नवरीचा बापच दोन ठिकाणी दिसला असता. आकारामनं नुसतं 'पिराजी' छापलं. पिराजी लग्नाला आला, अक्षता टाकल्या, आणि पंगतीला न बसता घरी निघून गेला. त्या दिवसापासून भिंतीच्या दोन्ही अंगांचं बोलणं बंद.

एरवी असलं सरकारी पत्र आलं की ते तासाभरात भिंतीवरून पलीकडं यायचं. हे आलं नाही. दोन दिवसांनी आकारामची सून नंदिनी विरजणाची वाटी घेऊन बनाबाईकडं आली. नंदिनी शाळेत मास्तरीण. वाटीखाली तिनं घडी करून एक छापील कागद आणला होता.

सव्वीस जानेवारीला कोल्हापुरातल्या मैदानावर जिल्ह्याच्या माजी सैनिकांचा मेळावा होता, आणि हा कागद त्याच्या नियमांचा. नंदिनीनं तो चुलीजवळ बसून दबक्या आवाजात वाचून दाखवला. निवृत्त माणसानं लेखी परवानगीशिवाय युनिफॉर्म घालायचा नाही. पलटणीचा बिल्ला किंवा फीत साध्या कपड्यावर मिरवायची नाही. पदकं मात्र साध्या कोटावर लावायला हरकत नाही, पण ती डाव्या छातीवर, एका ओळीत, ठरलेल्या क्रमानं. ज्याचं नाव पदकाच्या कडेवर असेल त्यानंच ती लावायची. दुसऱ्यानं लावली तर गुन्हा. आणि शेवटी, दिवंगत सैनिकाच्या जवळच्या नातेवाइकाला ती लावायची असतील तर त्यानं उजव्या बाजूला लावावीत.

बनाबाईला सगळं कळलं, एक शब्द सोडून. दिवंगत म्हणजे काय हे तिनं विचारलं नाही. सुनेसमोर कशाला उघडं पडा. राजेरजवाड्यांना जसं श्रीमंत म्हणतात तसा पलटणीतल्या चांगल्या माणसाला लावायचा हा काहीतरी मानाचा शब्द असणार, अशी तिनं मनाशी खूणगाठ बांधली.

नंदिनीनं पुढं सांगितलं की सासऱ्यांनी नाव कडेवर असण्याचा तो नियम तीनदा वाचायला लावला, आणि तिसऱ्यांदा मांडीवर थाप मारली. नाव माझं तर पदकं माझी, असं त्यांचं म्हणणं. तेवढ्यावर न थांबता ते शिंप्याकडं खाकी कापड टाकायला निघाले होते. तिनं युनिफॉर्मचा नियम दाखवला तेव्हा कुठं खाकीचा नाद सोडून ते लग्नातल्या काळ्या कोटावर आले. आणि गंमत म्हणजे, ती म्हणाली, सव्वीस तारखेला संस्थेचा ट्रक काढून अर्ध्या बावड्याला मैदानावर न्यायचं ठरलंय.

बनाबाईनं हे नवऱ्याच्या कानावर घातलं. पिराजी खुरप्याला धार लावत होता. त्यानं मान वर केली नाही.

"पत्र त्येला आलंय. त्यो जाईल. आकाराम त्योच की."

"आन् सुभेदार?" तिनं विचारलं.

पिराजीचा हात थांबला. दिवाळीत कुरुंदवाडच्या केरबा सुभेदारांचं कार्ड आलं होतं, की मेळावा ठरला तर काठी टेकत का होईना येईन, तुझी भेट व्हावी एवढीच इच्छा राहिलीय. ब्रह्मदेशात सुभेदारांच्या मांडीत गोळी शिरली तेव्हा पिराजीनं त्यांना पाठीवर टाकून नदी ओलांडली होती. त्याला आता अडतीस वर्षं झाली होती. सुभेदार अठ्ठ्याहत्तरला आले होते, आणि डोळ्यांनी अधू.

"त्यास्नी आकाराम भेटंल," पिराजी म्हणाला, आणि पुन्हा धार लावू लागला.

पण त्याच संध्याकाळी त्यानं ट्रंकेतून पदकं काढली आणि मऊ फडक्यानं घासत बसला. बनाबाई बघत राहिली. गेले दोन महिने हेच चाललं होतं. जायचं त्याच्या मनात होतं, नव्हे, दुसरं काही मनात नव्हतंच. पण थोरल्यानं भिंतीपलीकडून एक शब्द टाकल्याशिवाय तो जाणार नव्हता, आणि थोरला शब्द टाकणार नव्हता. इंगवल्यांच्या हाडातच ते नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीत दोघी जावांची गाठ पडली. नवऱ्यांचं बोलणं बंद असलं तरी गिरणीत त्यांचं चालू असायचं. गिरणीच्या आवाजात कुणाला काही ऐकू जात नाही. धोंडुबाईनं सांगितलं की आमचं ह्ये रोज गोठ्यात जाऊन म्हशींपुढं सलाम ठोकायला शिकत्यात, आन् म्हशी दूध चोराय लागल्यात. हसून झाल्यावर ती गंभीर झाली.

"बने, तू ती पदकं यास्नी देऊन टाक."

बनाबाईला वाटलं आपल्या कानात पीठ गेलं.

"देऊन टाक म्हणते मी. तुझा नवरा सांगून जायाचा न्हाय, आन् माझा बोलवून न्यायचा न्हाय. पर आपली पदकं दुसऱ्याच्या छातीवर बघितली की तुझ्या नवऱ्याला घरात बसवंल का? यील की न्हाय बघ पळत."

बनाबाईनं पिठाचा डबा डोक्यावर घेईपर्यंत विचार केला आणि मान डोलावली. पण एक गोष्ट तिनं जावेलाही सांगितली नाही. डाव्या छातीवर ती पदकं दुसऱ्या कुणाच्या लागलेली तिला बघवली नसती. नियमात नातेवाइकाला उजवी बाजू दिली होती, आणि नातेवाईक तर भावजी होतेच. जे छापलंय ते पाळलेलं बरं.

पंचवीस तारखेला दुपारी पिराजी उसाच्या तोडीवर गेला होता तेव्हा तिनं ट्रंक उघडली. पदकांची पट्टी रुमालात गुंडाळली आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा भिंतीपलीकडच्या दारातून आत गेली. डोक्यावरचा पदर पुढं ओढून तिनं रुमाल थोरल्या दिरापुढं ठेवला.

आकाराम चपापला. पदकं मागायची कशी, या काळजीत त्यानं चार दिवस घालवले होते, आणि ती न मागता आली.

"पिराजीनं दिली?"

"घरातनं आली," बनाबाई म्हणाली. "फकस्त उजव्या बाजूला लावा, भावजी. कागदात तसं हाय."

आकारामला त्यात खोट दिसली नाही. हळदीकुंकवापासून नांगर धरण्यापर्यंत सगळं शुभ उजव्याच हातानं करतात. त्यानं रुमाल उघडला, पदकं उन्हात धरली, आणि कडेवरचं आपलं नाव बोटानं चाचपून बघितलं. बनाबाईला त्या वेळी त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. आपलं नाव इतकं लांब जाऊन आलं आणि आपण मात्र बावड्यातच राहिलो, असं काहीतरी त्या तोंडावर होतं.

सव्वीस तारखेला सकाळी पिराजीनं आंघोळ करून ट्रंक उघडली. बनाबाई केस विंचरत होती. तिनं पाठ फिरवूनच सांगितलं की पदकं भावजींना दिली. मागं ट्रंकेचं झाकण हळू लागलं. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. ती निघाली तेव्हा तो भिंतीकडं तोंड करून बसला होता, आणि पहिल्यांदा तिच्या मनात आलं, की हा आलाच नाही तर.

संस्थेच्या ट्रकमध्ये अर्धं बावडं होतं. न्हावी, तालमीतले जुने गडी, रोज सकाळी दूध घालणारे चाळीस-पन्नास सभासद. चेअरमन पुढं ड्रायव्हरशेजारी, काळा कोट, डोक्याला फेटा, उजव्या छातीवर चार पदकं. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. त्रेचाळीस सालच्या कडब्याच्या गंजीची गोष्ट बावड्यात पोरं अंगाईसारखी ऐकत. म्हणूनच तर ट्रक भरला होता.

मैदानावर मांडव होता. माजी सैनिक रांगेत उभे, उजव्या हाताला बायकांची बाजू, आणि समोर खुर्च्यांची एक वेगळी रांग, तिच्यावर सावलीला कनात. दारावरच्या कारकुनाला आकारामनं न बोलता पत्र दिलं. कारकुनानं नावापुढं खूण केली आणि पत्र कॅप्टनसाहेबांच्या फायलीत गेलं.

कॅप्टनसाहेब निवृत्त होते, पण मिशीवरून वाटत नव्हतं. ते रांगेतून एकेकाशी बोलत, पदकं बघत पुढं सरकत होते. आकारामसमोर येऊन थांबले. बनाबाईला दुरून ओठ हललेले तेवढे दिसले; काय बोलणं झालं ते आकारामनं मागाहून सांगितलं. साहेबांनी उजव्या छातीकडं बघितलं, आणि आवाज एकदम मऊ करून विचारलं, "कुणाची?" आकारामनं उत्तर पाठ केलं होतं, माझी. पण मिशीवाला साहेब हातभर अंतरावरून डोळ्यांत बघतोय म्हटल्यावर चाळीस वर्षांमागचा ट्रक पुन्हा दाराशी आल्यासारखं झालं, आणि तोंडातून निघालं, "भावाची."

साहेबांनी पदकाच्या कडेवरचं नाव वाचून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याला रांगेतून बाहेर काढून कनातीखालच्या खुर्चीवर नेऊन बसवलं, आणि सरबत आणायला सांगितलं. चेअरमनला वाटलं, आपला मान.

मग त्यानं आजूबाजूला बघितलं. खुर्च्यांवर बायका होत्या. बहुतेक पांढऱ्या कपाळाच्या. शेजारी तिशी ओलांडलेली एक, पदरावर उजव्या बाजूला एकच पदक. तिनं आपला सरबताचा पेला त्याच्या पुढं केला, कारण त्याचा अजून आला नव्हता.

"मी गारगोटीची," ती म्हणाली. "आमचं ह्ये एकाहत्तरला गेलं. तुमचं कोण गेलं, मामा?"

आकारामनं पेला हातात घेतला, पण प्यायला नाही. बनाबाई बायकांच्या पहिल्या ओळीत होती, दहा पावलांवर. तिनं बघितलं की थोरल्या दिराचा हात कोटाकडं गेला आहे आणि पदकांच्या पट्टीची पिन उघडायला धडपडतोय. पण पिन पलटणीची होती. निघेना.

तेवढ्यात लाउडस्पीकर खरखरला. साहेब फाइलमधून नावं वाचू लागले.

"दिवंगत हवालदार आकाराम भाऊ इंगवले, कसबा बावडा. यांचे बंधू आज आपल्यात उपस्थित आहेत."

बनाबाईची छाती भरून आली. नवऱ्याच्या नावाला एवढा मोठा मानाचा शब्द, आणि तोही भोंग्यातून. तिनं अभिमानानं धोंडुबाईकडं बघितलं, तर धोंडुबाईचा चेहरा उतरलेला.

"माझंच मालक त्ये," बनाबाईनं पलीकडच्या बाईला सांगितलं. "दिवंगत."

त्या बाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "अगं माझे बाई. कधी गेलं?"

"कुटं?"

"वर गं."

मांडव बनाबाईभोवती एकदा फिरला. म्हणजे दिवंगत म्हणजे मयत. आपल्या हातानं रुमालात गुंडाळून आपण नवऱ्याला सरकारी कागदावर मारून आलो. उद्या पेन्शन बंद होईल आणि चौकशीला माणूस येईल. मेलेला कोण आणि जिता कोण हे विचारत तो घरभर फिरेल. तिनं धोंडुबाईचा हात घट्ट धरला. मागं ट्रकमधून आलेलं अर्धं बावडं मात्र एका शब्दानं बोलत नव्हतं. तमाशा बघायला आलेली माणसं एवढी गप्प तिनं आयुष्यात बघितली नव्हती.

ती शांतता मोडली रांगेच्या पुढच्या टोकाला. तिथं काठीवर रेललेला एक म्हातारा होता, जाड भिंगाचा चष्मा, डाव्या छातीवर पदकांच्या दोन ओळी. तो खाली बसला. "आकाराम," तो म्हणत होता, "आकाराम माझ्या आधी गेला?" आणि लहान पोरासारखा हुंदका देऊन रडू लागला. ते केरबा सुभेदार.

रसाच्या गाड्यामागं गर्दीत एक सायकल आडवी पडल्याचा आवाज झाला. दोरीखालून वाकून एक माणूस मैदानात आला. साधा सदरा, धोतर, डोक्याला काही नाही. बनाबाईनं चाल ओळखली आणि डोळे मिटून अंबाबाईचं नाव घेतलं. पिराजी थेट सुभेदारांपुढं जाऊन उभा राहिला. टाचा जुळल्या.

"साहेब."

सुभेदारांनी वर बघितलं. दिसलं काय असेल देव जाणे. त्यांनी हात उचलून त्याचं तोंड चाचपलं, नाक, गाल, हनुवटीवरचा जुना व्रण.

"तू मेलास म्हणत्यात."

"न्हाय साहेब. हजर."

सुभेदारांनी त्याच्या कमरेला मिठी मारली. आणि कॅप्टनसाहेब फाइल घेऊन ताडताड चालत आले.

त्यांनी आधी पिराजीला विचारलं तू कोण. पिराजीनं नंबर, पलटण आणि नाव सांगितलं, एका दमात, जसं एकवीस वर्षं सांगत आला होता. हवालदार आकाराम भाऊ इंगवले. सुभेदारांनी मान हलवून साक्ष दिली. साहेबांनी मग कनातीकडं बोट केलं आणि आकारामला बोलावून घेतलं. आकाराम आला. पदकं अजून उजव्या छातीवर, पिन अर्धी उघडलेली.

"हा आकाराम. मग तुमचं नाव काय?"

खरं नाव सांगितलं की संपलं. एका आईबापाच्या पोटी दोन आकाराम होत नाहीत. आणि दुसरं काही सांगायचं तर मागं चाळीस-पन्नास सभासद उभे होते, जे रोज सकाळी कॅन खाली ठेवताना 'आकारामदादा, रामराम' म्हणत. या माणसानं ते नाव संस्थेच्या पाटीवर, गुऱ्हाळाच्या चिमणीवर, बैलगाडीच्या साट्यावर रंगवून घेतलं होतं. आकारामनं मागं वळून बावड्याकडं बघितलं. मग भावाकडं. भाऊ समोर नजर लावून ताठ उभा होता.

"पिराजी," आकाराम म्हणाला. "पिराजी भाऊ इंगवले. ह्येचा भाऊ."

बावड्यातला एकही माणूस खोकलासुद्धा नाही.

साहेबांचा आवाज चढला. जिवंत माणसाला मेला कसा सांगितलास, असं त्यांनी विचारलं.

"मी कुटं मेला म्हणालो, साहेब? भावाची म्हणालो. मेल्याचं तुमी काढलंसा."

"उजव्या बाजूला लावलीत त्याचा अर्थ काय होतो माहीत आहे?"

आकारामची नजर क्षणभर बायकांच्या बाजूला आली. बनाबाईनं पदर नाकापर्यंत ओढला. आता हा माझं नाव घेणार, तिला वाटलं, आणि घेतलं तरी चूक नाही.

"न्हाय, साहेब. उजवी बाजू शुभ असती, म्हणून लावली. शेतकरी माणूस."

रांगेत कुणीतरी हसलं, आणि साहेबांची मिशीही जरा हलली. पण नियम तो नियम. जिवंत सैनिकाची पदकं दुसऱ्यानं लावणं हा गुन्हा आहे, पहिली वेळ आणि सख्खा भाऊ म्हणून समज देऊन सोडतो, असं त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. पदकं इथंच, माझ्यासमोर परत करायची. आकारामच्या बोटांना अजून पिन निघत नव्हती. शेवटी पिराजीनंच हात पुढं करून ती काढली. आकारामनं पट्टी घेतली आणि भावाच्या साध्या सदऱ्यावर, डाव्या बाजूला, सरळ आली का हे दोनदा बघून लावली. आठ महिन्यांत दोघं एवढे जवळ आले नव्हते.

कारकुनानं कागद लिहून आणला. पिराजी भाऊ इंगवले यांनी पदके परत केली, पुन्हा असे करणार नाही, वगैरे. खाली सही करा म्हणाला.

आकारामचा हात सवयीनं कोटाच्या खिशाकडं गेला. शाईचं पेन निघालं, टोपण उघडलं. सातवी पास माणूस. वळणदार सहीसाठी संस्थेच्या सभेत लोक कौतुकानं वाकून बघत. पण त्या हाताला एकच सही येत होती. निब कागदावर टेकणार तोच तो थांबला. टोपण परत लावलं, पेन खिशाला अडकवलं.

"अंगठा घ्या," तो म्हणाला.

"लिहिता येत नाही?" कारकून म्हणाला. "खिशाला पेन आहे की."

"ते शोभेला हाय."

शाईचा डबा आला. दूध संस्थेच्या चेअरमननं साऱ्या सभासदांसमोर डावा अंगठा निळा केला आणि पिराजीच्या नावाखाली दाबला. बनाबाईला डोळ्यांपुढचं नीट दिसेना. शेजारी धोंडुबाई पदरात तोंड घालून गदगदत होती. हसत होती की रडत होती ते तिलाच ठाऊक.

कागद घेऊन साहेब गेले. आकाराम अंगठा अंगापासून लांब धरून उभा होता, त्याचं करायचं काय ते न कळून. पिराजीनं एक पाऊल मागं घेतलं, टाचा जुळवल्या, आणि थोरल्या भावाला कडक सलाम ठोकला.

आकाराम गोंधळला. म्हशींपुढचा सराव सगळा विसरला. त्यानं डावाच हात उचलला आणि कपाळावर नेला, आणि फेट्याखाली, बरोब्बर मध्ये, रुपयाएवढा निळा ठिपका उठला.

पिराजीनं सावधान धरून ठेवायचा प्रयत्न केला. एकवीस वर्षांची शिस्त ओठांवर दाबून धरली होती. पण मग पदकं खुळखुळायला लागली, आधी हळू, मग जोरात, आणि मग तो पोट धरून हसला.

"दादा," तो म्हणाला, "डावा न्हाय. उजवा."

"आता तू सांगायचं मला, व्हय रं आकाराम?" आकाराम म्हणाला.